पावसाळ्याचे चार महिने : कांदा-बटाटा टिकवावा कसा?

मृगाचा पहिला पाऊस पडला की मीरा-भाईंदरच्या कांदा-बटाट्याच्या दुकानात एक ठरलेला वास सुटतो. गोण्यांच्या मागच्या रांगेतून, खालच्या थरातून तो येतो. दुकानदार उदबत्ती लावतो, गोणी पुढे-मागे करतो. पण वास जात नाही. गोणी ओतली की कळते, वरचे कांदे टणक आणि खालचे कांदे पाणी झालेले. भाव चढला तर फायदा होईल म्हणून आणलेला माल फायद्याऐवजी भांडवलच खाऊन टाकतो.

हे नुकसान नशिबाचे म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. वास्तविक त्यातला फार थोडा भाग नशिबाचा आणि बराच मोठा भाग साठवणीच्या चुकीचा असतो. नया नगर, पेणकरपाडा, काशिमिरा, भाईंदर पूर्व-पश्चिम या भागांत कांदा-बटाट्याचे छोटे दुकान, हातगाडी, खानावळ किंवा दावतीची देग चालविणारे आपले असंख्य बांधव आहेत. त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही या लेखात एकत्र देत आहोत.

त्यांचा हिवाळा, आपला पावसाळा

थंड प्रदेशांत भाजी साठविण्याचा प्रश्न हिवाळ्यात येतो. काश्मीरमध्ये बर्फ पडण्याआधी घरोघरी वांगी, टोमॅटो, दुधी, सलगम कापून उन्हात वाळवितात आणि हीच सुकी भाजी, तिला तिकडे 'होख स्यून' म्हणतात, बर्फाच्या दिवसांत शिजविली जाते. सलगम, गाजर यांसारखी कंदमुळे जमिनीत खड्डा करून पुरून ठेवतात. वर बर्फ असला तरी मातीखाली ती गोठत नाहीत आणि थंडीमुळे कुजतही नाहीत.

आपल्याकडे बर्फ नाही; पण पिकाची अडचण तीच आहे. महाराष्ट्राचा उन्हाळ कांदा म्हणजे रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. पुढचा लाल कांदा बाजारात यायला ऑक्टोबर उजाडतो. मधल्या काळात आपल्या ताटात जो कांदा पडतो तो जवळजवळ सगळा साठवणीतला असतो. म्हणजे काश्मिरी माणसाला जसे बर्फाचे महिने पार पाडायचे असतात तसे आपल्याला पावसाचे चार महिने पार पाडायचे असतात. फरक इतकाच की त्याच्या मदतीला थंडी आहे. आपल्याकडे उष्मा आणि ओल एकत्र असतात, आणि कुजविणाऱ्या बुरशीला व जंतूंना याहून चांगली हवा मिळत नाही.

त्यात मीरा-भाईंदरची जागा पाहा. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मधोमध मिठागरे आणि भरतीचे पाणी शिरणारी खाजण जमीन. जुलै-ऑगस्टमध्ये येथील हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. कांद्याला मानवते ती आर्द्रता ६५ ते ७० टक्के. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या चाळीत चार महिने टिकणारा कांदा आपल्या दुकानात पंधरा दिवसांत का बिघडतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

कांदा जिवंत आहे

पहिली गोष्ट समजून घ्यावयाची ती ही की कांदा ही विटेसारखी निर्जीव वस्तू नाही. काढणीनंतरही तो श्वास घेत असतो आणि श्वासाबरोबर उष्णता व पाण्याची वाफ बाहेर टाकतो. मोकळ्या जागी ही वाफ हवेबरोबर निघून जाते. गोणीवर गोणी रचली की मधल्या गोण्यांतील उष्णता आणि वाफ तेथेच कोंडते. पोटातला माल गरम आणि ओला होतो. वरून दाब पडल्याने खालचे कांदे ठेचतात आणि ठेचलेल्या जागेतून सड शिरते. एक सडका कांदा पाझरू लागला की त्याचे पाणी शेजारच्या दहांना बिघडविते.

साठवणीत कांद्याचे नुकसान तीन प्रकारांनी होते. एक, वजनाची घट, कारण पाणी उडून जाते. दोन, कोंब येणे. तीन, सड. काढणीनंतर काही आठवडे कांदा निद्रिस्त असतो, त्याला कोंब येत नाही. ही झोप संपली की १० ते २० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात कोंब सर्वांत लवकर फुटतात. म्हणून कांदा एकतर शून्य ते दोन अंशांवर शीतगृहात टिकतो, नाहीतर २५ ते ३० अंशांच्या कोरड्या, खेळत्या हवेत टिकतो. मधले तापमान त्याला घातक आहे. घरच्या फ्रिजमध्ये किंवा एसी लावलेल्या गाळ्यात कांदा ठेवून तो टिकेल असे समजणारे येथेच फसतात.

काळ्या भुकटीसारखी जी काजळी कांद्याच्या सालीवर दिसते ती एक बुरशी आहे. दमट आणि उबदार हवेत ती झपाट्याने पसरते. काजळी वरच्या कोरड्या पापुद्र्यापुरती असेल तर साल काढून, धुऊन कांदा वापरता येतो. ती आतल्या ओल्या थरात गेली असेल तर तो कांदा फेकून द्यावा.

शेतकऱ्याची चाळ काय शिकविते?

नाशिक, पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत शेतकरी कांदा चाळीत ठेवतो. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने या चाळीच्या सुधारित रचना दिलेल्या आहेत. त्यांचे सूत्र सोपे आहे, आणि दुकानदाराला ते जसेच्या तसे घेता येते.

चाळीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच असतो आणि तो फळ्यांच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांचा, मध्ये फटी ठेवून केलेला असतो. त्यामुळे हवा खालून शिरते आणि ढिगातून वर निघते. रांगेची रुंदी साधारण चार फूट, म्हणजे ढिगाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी हवा पोचते. ढिगाची उंची चार ते पाच फुटांपेक्षा जास्त नसते, नाहीतर खालचा माल दबतो. भिंती जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या. छप्पर बाहेर काढलेले, म्हणजे पावसाचे शिंतोडे आत येत नाहीत.

चाळीत घालण्याआधीही काम असते. कांदा उपटल्यावर तीन-चार दिवस शेतातच पातीखाली झाकून सुकवितात. मग मानेजवळ एक इंच नाळ ठेवून पात कापतात आणि दहा-बारा दिवस सावलीत वाळवितात. मान आवळून बंद होते, वरचा पापुद्रा कागदासारखा होतो. हा पापुद्रा आणि ही बंद मान म्हणजे कांद्याचे कुलूप आहे. ते जोवर शाबूत तोवर आतला माल सुरक्षित.

येथे आम्हाला दिव्य कुरआनातील हजरत यूसुफ (अ.) यांचा प्रसंग आठवतो. सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य साठवायचे ते कणसातच राहू द्या, खाण्यापुरते तेवढे काढा, असा उपाय त्यांनी सांगितला होता. निर्मात्याने पिकाला जे वेष्टन दिले आहे ते काढू नये, तेच त्याचे रक्षण करते, हा साठवणीचा नियम त्यात आहे. आपल्याकडे मात्र माल चकचकीत दिसावा म्हणून गोणी उघडताच कांदा चोळून त्याची साले काढून टाकण्याची सवय आहे. गिऱ्हाइकापुढे मांडायच्या टोपलीपुरते ते करावे. साठ्यातल्या कांद्याची साल कधीही काढू नये.

आपल्या किनाऱ्यावरही शहाणपणाची एक जुनी रीत आहे. अलिबागचा पांढरा कांदा पातीसकट विणून त्याच्या माळा करतात आणि टांगून ठेवतात. टांगलेल्या माळेला चारी बाजूंनी हवा लागते, दाब पडत नाही, आणि एखादा कांदा बिघडला तर तो लगेच दिसतो. कोकणातल्या घरांत अशा माळा बहुधा चुलीच्या वर टांगत. त्यामागेही शास्त्र आहे. हवा चार-पाच अंश तापली की तिची आर्द्रता बरीच उतरते. २७ अंशांवर ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३१ अंशांपर्यंत तापविली तर ती ७० टक्क्यांच्या आसपास येते. चुलीच्या उबेने घरातला तेवढा कोपरा कोरडा राहात असे. उत्तनला कोळी बांधव बोंबील बांबूच्या मांडवावर टांगून सुकवितात ते आपण पाहतोच. माल आणि जमीन यांच्यात हवा ठेवण्याचा जो नियम तेथे आहे तोच कांद्यालाही लागू आहे.

खरेदी करताना काय पाहावे?

आपला बहुतेक माल तुर्भे-वाशीच्या मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कांदा-बटाटा बाजारातून येतो. तेथे गोणी निवडतानाच निम्मी साठवण होत असते. भावात किलोमागे रुपया-दोन रुपये कमी मिळाले म्हणून हलकी गोणी उचलली तर पावसाळ्यात ती महाग पडते. पुढील गोष्टी पाहाव्यात.

मान पाहावी. बारीक, सुकलेली, आवळलेली मान हवी. जाड मानेचा आणि डेंगळ्याचा, म्हणजे फुलाचा दांडा आलेला कांदा टिकत नाही. जोड कांदाही टिकत नाही.

जात आणि हंगाम विचारावा. साठवणीला उन्हाळ कांदाच योग्य. एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण या टिकाऊ जाती आहेत. खरिपाचा लाल कांदा दिसायला तजेलदार असला तरी तो चार दिवसांत विकण्याचा माल आहे. तो भरून ठेवू नये.

गोणीच्या मधोमध आणि तळाशी हात घालावा. ओलसर किंवा कोमट लागले तर ती गोणी सोडून द्यावी. शक्य असेल तेथे तागाच्या बंद गोणीपेक्षा जाळीच्या गोणीतला माल घ्यावा.

टेम्पोत ताडपत्री हवीच. पण दुकानी पोचल्यावर ती ताडपत्री मालावर तशीच ठेवणे म्हणजे माल वाफेत शिजविणे आहे. घोडबंदर रस्त्याच्या गर्दीत दोन-तीन तास भिजत आलेली गोणी रात्रभर तशीच ठेवू नये. ती लगेच ओतून, जमिनीवर एक थर पसरून, पंखा लावून सुकवावी.

दुकानात ठेवताना

छोट्या गाळ्यात चाळ बांधता येत नाही. पण चाळीचे सूत्र पाळता येते. फरशीवर गोणी ठेवू नये. पावसाळ्यात फरशी आणि भिंत दोन्ही ओल सोडतात. खाली विटा व फळ्या टाकून किमान एक फुटाचा, जमल्यास दीड फुटाचा पाया करावा. आपल्या भागातील तळमजल्याच्या गाळ्यांत पाणी शिरते हेही ध्यानात ठेवावे. २६ जुलै २००५ ला ज्यांचा माल फरशीवर होता त्यांचा तो सगळा गेला. भिंतीपासून अर्धा फूट अंतर सोडावे. गोण्या आडव्या थप्पीत रचण्याऐवजी माल लोखंडी किंवा लाकडी मांडणीवर मोकळा पसरावा आणि एका कप्प्यात एक फुटापेक्षा जास्त थर देऊ नये. शटर बंद केल्यावर रात्रभर हवा कोंडते. वरच्या झडपेत एक छोटा पंखा बाहेर हवा फेकणारा बसविला तर त्याच्या विजेचा खर्च एका गोणीच्या नासाडीपेक्षा कमीच येतो.

येथे कारागीर बांधवांसाठीही काम आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत वेल्डिंग आणि पत्र्याचे काम करणारे आपले कितीतरी लोक आहेत. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, तळ दीड फूट उंच, वर एक-एक फुटाचे तीन कप्पे, तळाला पट्ट्यांत पाऊण इंच फट किंवा जाळी, अशी अँगलची मांडणी करणे अवघड नाही. कडा घासून गुळगुळीत कराव्यात म्हणजे कांदा सोलवटणार नाही, आणि खाऱ्या हवेमुळे गंज चढतो म्हणून रंगाचे दोन हात द्यावेत. मे महिन्यात असा एक नमुना करून पाच-दहा दुकानांत दाखविला तर मागणी येण्यासारखी आहे. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोजची निवड. पावसाळ्यात दर सकाळी अर्धा तास माल चाळावा. मऊ, पाझरणारा कांदा वेगळा करावा. ज्याला नुकताच कोंब आला आहे तो खाण्यास चांगला असतो, पण टिकणार नाही. तो त्याच दिवशी खानावळीला कमी दराने द्यावा. गोल्टी कांदा वेगळा, मोठा वेगळा. जुना माल पुढे, नवा मागे. सडका कांदा दुकानातल्या डब्यातही साठवू नये, त्याच दिवशी बाहेर काढावा.

बटाटा वेगळा, लसूण वेगळी

'कांदा-बटाटा' हा आपल्या जिभेवर जोडशब्द आहे आणि दुकानातही आपण त्यांना जोडीनेच ठेवतो. ही चूक आहे. कांद्याला कोरडी हवा लागते. बटाट्याला ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते, नाहीतर तो सुरकुततो. एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष. बटाट्याची ओल कांदा शोषतो आणि दोघेही लवकर बिघडतात. निदान दुकानाच्या दोन टोकांना तरी त्यांना ठेवावे.

बटाट्याला अंधार हवा. उजेड लागला की तो हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन नावाचे कडवट विष वाढते. असा हिरवा भाग खोल कापून टाकावा आणि फार हिरवा बटाटा गिऱ्हाइकाला देऊच नये. म्हणून बटाट्याच्या गोणीवर तागाचे कोरडे पोते टाकावे, प्लास्टिक नको.

पावसाळ्यातला बराच बटाटा शीतगृहातून येतो. आग्र्याकडील पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि दोन ते चार अंशांवर महिनोन्महिने राहते. तो बाहेर काढला की त्याला घाम सुटतो, जसा थंड पाण्याच्या पेल्याला सुटतो. हा घाम सावलीत दिवसभर पसरून वाळवावा, मगच माल रचावा. दुसरे म्हणजे इतक्या थंडीत बटाट्यातील पिठाची साखर होते. असा बटाटा तळला की लवकर काळपट पडतो आणि गोडसर लागतो. वेफर, फिंगर चिप्स करणाऱ्यांना याचा त्रास होतो. बटाटा पंधरा-वीस अंशांच्या हवेत दोन आठवडे ठेवला तर साखर पुष्कळशी उतरते. आपल्या हवेत ते तापमान मिळत नाही. म्हणून तळणीसाठी घेताना दहा-बारा अंशांवर ठेवलेला, वेफरसाठीचा बटाटा मागून घ्यावा.

लसूण कांद्यासारखीच कोरड्या, मोकळ्या जागी, जमल्यास जुड्या टांगून ठेवावी. आले उघड्यावर सुकते आणि ओल्यात बुरशी धरते. किंचित दमट वाळूत पुरून सावलीत ठेवले तर ते बरेच दिवस राहते. लाल भोपळा आणि सुरण हे पावसाळ्यातले भरवशाचे साथी आहेत. देठ न मोडलेला, न ठेचलेला भोपळा फळीवर सुटासुटा ठेवला तर महिनाभर सहज राहतो. टोमॅटो, वांगी, काकडी, भेंडी मात्र भरून ठेवण्याचा माल नाही, आणि बर्फाच्या पेटीत घातली तर गारठून डाग पडतात.

मातीच्या विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भरून त्यावर पाणी शिंपडण्याचा 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विकसित केला आहे. कोरड्या मुलखात, जसे मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात, पालेभाजीला तो उत्तम. पण पाणी उडाले तरच गारवा येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली असते. येथे जुलैत तो काम करणार नाही. त्यावर खर्च करू नये.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने २००२ पासून विकिरण केंद्र आहे. तेथे कोबाल्टच्या गामा किरणांची अल्प मात्रा देऊन कांद्याचे कोंब रोखले जातात. असा कांदा खाण्यास सुरक्षित असतो. मात्र किरणांनी कोंब थांबतात, सड थांबत नाही. विकिरण केलेला कांदाही ओल्या फरशीवर ठेवला तर कुजणारच.

हिशेब मांडून पाहा

कोणी म्हणेल, एवढे सगळे करून जास्त माल भरला तर भाव चढल्यावर फायदा होईलच. एक समजुतीचा हिशेब मांडू. समजा जुलैत २० रुपये किलोने १० गोण्या, म्हणजे ५०० किलो कांदा घेतला. माल १०,००० रुपये, भाडे व हमाली १,००० रुपये, एकूण ११,००० रुपये. महिनाभरात २५ किलो वजन घटले आणि ७५ किलो सडला. हातात राहिले ४०० किलो. म्हणजे कांदा किलोला साडेसत्तावीस रुपयांना पडला. २८ ने विकला तर सगळ्या व्यवहारात २०० रुपये उरले.

आता दुसरा मार्ग. दर फेरीला दोनच गोण्या, १०० किलो, आणल्या. माल २,००० रुपये. थोड्या मालाला भाडे जास्त पडते, ते ३०० रुपये धरू. तीन किलो नुकसान धरले तर ९७ किलो २८ ने विकून २,७१६ रुपये आले. फायदा ४१६ रुपये. अशा पाच फेऱ्यांचा फायदा २,०८० रुपये. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, आपले आकडे घालून प्रत्येकाने हा हिशेब करावा. पण उत्तराचा कल बहुधा हाच येईल. पाच फेऱ्यांचा त्रास वाटत असेल तर एका गल्लीतील चार दुकानदारांनी मिळून एक टेम्पो करावा. भाडे वाटले जाते आणि माल ताजा राहतो. आपल्याकडे एकमेकांवर विश्वास असेल तर हे अवघड नाही.

देग लावणाऱ्यांनी आणखी एक करावे. बकरी ईद चांद्र वर्षाप्रमाणे फिरते. २०२२ मध्ये ती १० जुलैला, २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जूनला आली, म्हणजे तिन्ही वर्षे पावसाळ्याच्या तोंडावर किंवा भर पावसाळ्यात. अशा वेळी मोठ्या दावतीचा कांदा आधीच भरून ठेवण्यापेक्षा बिरिस्ता तळून ठेवावा. कांदा एकसारखा बारीक कापावा, खमंग कुरकुरीत होईपर्यंत तळावा, तेल निथळून पूर्ण गार झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. कोमट असताना झाकण लावले तर वाफ धरून तो नरम पडतो.

साठवण आणि साठेबाजी

कांद्याची साठवण म्हटले की दुसरा एक प्रश्न येतोच. १९९८, २०१०, २०१३, २०१९ या वर्षांत कांद्याचे भाव भडकले तेव्हा साठेबाजीची चर्चा देशभर झाली. सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ दुकानदाराला २ टन एवढीच साठ्याची मर्यादा घातली होती, ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत होती. अशा मर्यादा टंचाईच्या काळात पुन्हा येऊ शकतात, म्हणून व्यापाऱ्याने सरकारी आदेशांवर लक्ष ठेवावे.

आपल्याला तर कायद्याच्याही वरचा एक हिशेब द्यायचा आहे. लोक अडचणीत असताना भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गुन्हेगार म्हटले आहे. हंगामात घेतलेला माल नीट टिकवून गरजेच्या काळात रास्त भावाने देणे आणि टंचाईत माल लपविणे, या दोहोंत अंतर आहे. पहिल्यात समाजाची सोय आहे, दुसऱ्यात समाजाची अडवणूक.

सहीह मुस्लिममध्ये आलेली आणखी एक हदीस तर जणू आपल्या पावसाळ्यासाठीच आहे. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. हे काय, असे विचारताच व्यापाऱ्याने सांगितले की पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना ते दिसले असते. आणि जो फसवतो तो आपल्यातला नव्हे, असे बजावले.

व्यापाऱ्याचा माल पावसाने भिजला हा त्याचा दोष नव्हता. भिजलेला माल खाली दडविला हा दोष होता. आपल्या दुकानांतही पाऊस येणारच आणि काही कांदे बिघडणारच. ते गोणीच्या तळाशी ढकलायचे की वेगळ्या टोपलीत काढून 'हे आजच वापरा' असे सांगून स्वस्तात द्यायचे, एवढेच आपल्या हाती आहे. गंमत अशी की साठवणीचे शास्त्रही तेच सांगते. तळाचा माल वर काढा, बिघडलेला वेगळा करा, दडवू नका. जो दुकानदार रोज सकाळी ढिगाच्या तळाशी हात घालतो त्याचा मालही टिकतो आणि गिऱ्हाईकही टिकते.

यंदा पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, दुकानातल्या गोण्या एकदा हलवून पाहा. फरशी कोरडी आहे का, फळ्या आहेत का, हवेला वाट आहे का, कांदा आणि बटाटा वेगळे आहेत का, एवढे चार प्रश्न स्वतःला विचारा. मोठा खर्च नाही, सवय बदलण्याचा प्रश्न आहे. हलाल कमाईत बरकत देणारा अल्लाह आहे. पण गोणीखाली फळी आपल्यालाच ठेवावी लागते.